खानावळीचा डोहाळा

माझ्या नवऱ्याला आणि त्याच्या दोन दोस्तांना चव कळत असे. हे मी माझ्या मनानं म्हणत नाही. ते तिघे स्वतःच तसं सांगत, आणि इतक्यांदा सांगत की शेवटी गावानं कंटाळून ते मान्य केलं. औंढ्याहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. चार-दोन घरं बरी, बाकीची कुडाची. आमचं घर बऱ्यातलं, म्हणजे जमीन बरी, बैल बरे आणि सुना मुकाट राबणाऱ्या. राज्य निजामाचं होतं. पोलीस ॲक्शन व्हायला अजून काही वर्षं होती, रझाकारांचं नाव आमच्या गावात अजून कुणी घेत नव्हतं, आणि आमच्या पुरुषमाणसांपुढे मोठा प्रश्न एकच असायचा: या आठवड्याला कुठं जेवायचं.

दोस्तांपैकी एक शाळेचे मास्तर. शाळा सरकारी, तिथं उर्दू चालायची, त्यामुळे मास्तरांच्या तोंडी लज्जत, जायका असले शब्द खेळायचे. त्यांना साधं 'चांगलं झालंय' म्हणता येत नसे. दुसरा पाटलांचा धाकटा मुलगा, त्यालाही सगळे पाटीलच म्हणत. त्याला बोलणं कमी यायचं, खाणं पुष्कळ यायचं. आणि तिसरे आमचे हे. ह्यांचं काम म्हणजे गड्याला गाडी जुंपायला सांगायची आणि त्या दोघांच्या मधे बसायचं. गाडी आमची, बैल आमचे, त्यामुळे मत द्यायचा पहिला मान ह्यांचा असायचा. ह्यांनी मत दिलं की मास्तर ते शुद्ध करायचे.

कळमनुरीचा आठवडी बाजार हा त्यांचा खरा सण. जायला निमित्त दर खेपेला नवं. कधी बैल बघायचाय, कधी बियाणं, कधी म्हणे कचेरीत काम आहे. बघितलेला बैल कधी घरी आला नाही, बियाणं घरातलंच पेरलं गेलं, आणि कचेरीतलं काम कसलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. गाडी थेट खानावळीपाशी सुटायची. वर पत्रे, मागं आडोशाला मोठं चुलाण, पुढं लांबलचक खोली आणि खाली गोणपाटाच्या पट्ट्या. बाजाराच्या दिवशी तिथं मटणाचा रस्सा व्हायचा. त्या रश्श्याची कीर्ती आमच्या घरात औंढ्याच्या नागनाथाच्या खालोखाल होती, आणि सोमवार सोडला तर खालोखालही नव्हती.

बाकीच्या दिवसांत जीभ गंजू नये म्हणून इतर ठिकाणं होती. औंढ्याला देवाच्या नावानं जाऊन भजी खायची. हिंगोलीला आगगाडी होती, तर टेसनावर कुणाला पोचवायला नाही की आणायला नाही, नुसता चहा प्यायला जायचं. तो चहा बशीत ओतून, डोळे मिटून प्यायचा आणि मग आमच्या ओसरीवर येऊन त्याचा कीस काढायचा. दूध म्हशीचं होतं की गाईचं यावर एकदा मास्तर आणि पाटील यांच्यात असं वाजलं की दोघं महिनाभर एका गाडीत तोंडं फिरवून बसले. बसले मात्र एकाच गाडीत, कारण दुसरी गाडी खानावळीला जात नव्हती.

ही सभा ओसरीवर भरायची तेव्हा मी दाराआड असायची. जातं तिथंच होतं. दळता दळता मी त्या खानावळीत इतक्यांदा जेवले की तिथली प्रत्येक पट्टी मला पाठ झाली. कोपऱ्यातली जागा ह्यांची, कारण तिथं वाढप आधी येतं. खानावळवाला रश्श्याचा मसाला, येसूर, स्वतः भाजतो, तो कुणाला दाखवत नाही. तवंग बोटभर असतो. दुसऱ्यांदा रस्सा मागितला की तो हसतो आणि न विचारता हाडाचा तुकडा टाकतो. आणि हे सगळं झाल्यावर आमचे हे घरात येऊन माझ्या हातची आमटी ओरपायचे आणि म्हणायचे, "हाय, बरी हाय. पर कळमनुरीची गोष्ट येगळी."

मी चुलीत एक लाकूड जास्त सारायची.

माझी एक मैत्रीण होती. धनगराची. सुगी झाली की त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या, शेताला खत आणि मेंढ्यांना चारा, असा दोन्ही बाजूंनी बराबर सौदा. तिचं पाल बांधावरच्या बाभळीखाली असायचं. मी न्याहारी घेऊन रानात गेले की तिच्यापाशी टेकायची. आमच्या घरात ती दाराबाहेर उभी राहायची, रानात मात्र आम्ही एका दगडावर बसायचो. वयानं माझ्याएवढीच, पण माझ्या दुप्पट हसायची.

तिनंच मला शिंदीची गंमत सांगितली. आमच्या रानाच्या खाली नाल्याकाठी शिंदीची झाडं होती, दारूचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराची. थंडी सरत आली की हे तिघे सकाळी सकाळी 'रानात चक्कर' मारायला निघायचे. शिंदी अंगाला थंड असते, उष्णतेला बरी, असं मास्तर सासूबाईंना सांगून ठेवत. तिथं गेल्यावर तीन झाडांची तीन मडकी पुढं घेऊन बसायचं. एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, आभाळाकडं बघायचं आणि मग निकाल द्यायचा.

"पैल्या मडक्याला तुमचे मालक म्हनले तुरट हाय," मैत्रीण सांगायची. "मास्तर म्हनला, तुरट न्हाई, खोल हाय. खोल म्हंजे काय गं? हीर हाय का ती?"

"आन् पाटील?"

"पाटील काय बोलतो? तो पिऊन राहिला. मंग दुसरं मडकं झालं, तिसरं झालं, मंग पुन्यांदा पैलं. तवा पैलं बी गोड लागाया लागलं. मास्तर उठला आन् त्या झाडाच्या पाया पडला. पडला तो उठलाच न्हाई. आमच्या मेंढ्या त्याला हुंगून गेल्या."

दुपारी घरी हेच ऐकलं ते असं: मास्तरांना उन्हाची तकलीफ झाली.

एकदा मी तिला सहज विचारलं, तू कधी त्या खानावळीत गेलीस का. ती म्हणाली, "जाते की. तो खानावळवाला बकरं आमच्याकूनच घेतो. बकरं इकलं की तिथंच बसून खातो आमी दोघं."

"बसून? मदी?"

"मंग काय भाईर हुभं राहून खाऊ?"

"कोनी काही म्हनत न्हाई?"

"मला काहून म्हनतेल? मी काय तुमच्यावानी मोठ्या घरची हाय?" असं म्हणून ती हसली, आणि मलाही हसू आलं. पण घरी परत येताना मला ते हसू आवडलं नाही. आमच्याकडं जेवढी जमीन जास्त तेवढी बाईला खानावळ लांब, असा हिशोब दिसला. आमच्या घरी तर ती दिल्लीच्याही पलीकडं होती.

त्याच साली मला दिवस गेले. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. एक पोटातच गेलं, दुसरं पाचवी पुजायच्या आधी. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. थट्टा मला पुष्कळ गोष्टींची करता येते, त्याची येत नाही. एवढंच सांगते की तिसऱ्यांदा कळलं तेव्हा घरात कुणी आनंद केला नाही. सगळे माझ्याकडं काचेच्या बांगडीकडं बघावं तसं बघू लागले.

सगळ्यात जास्त घाबरल्या होत्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या मायाळू होत्या असं मी म्हणणार नाही, त्यांना स्वतःलाच ते पटणार नाही. पण रीत म्हणजे रीत. दिवस गेलेल्या बाईला खावंसं वाटेल ते द्यायचं, नाही तर लेकराचे कान फुटतात. आधीच्या दोन वेळी मला काही विचारलं गेलं नव्हतं, आणि भावकीतल्या एका म्हातारीनं त्यांना ते तोंडावर सुनावलं होतं. तेव्हापासून आत्याबाईंच्या मनात ते रुतून बसलेलं. म्हणून या खेपेला त्या माझ्यापुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बोल पोरी. काय खावं वाटून राहिलं?"

चिंच म्हणाले असते तर चिंच आली असती. कैरी, बोरं, भाजलेली माती, जे म्हणाले असते ते आलं असतं. आमच्याकडं गरवार बाईनं माती खाल्ली तर कुणाची ना नसे.

मी म्हणाले, "कळमनुरीच्या खानावळीत जाऊन जेवावं वाटतं. मी बसलेली हाय, आन् दुसरं कोनीतरी गरम गरम वाढून राहिलं, असं."

आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

आता हा डोहाळा खरा होता की सोंग, यावर भावकीत पुष्कळ चर्चा झाली. ज्यांच्या पोटात बापजन्मी लेकरू राहिलं नाही त्या मास्तरांचं तर ठाम मत होतं की डोहाळा आंबट पदार्थाचा असतो, जागेचा नसतो. मला कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगते. खरा होता. मला चिंच नको होती. रात्री डोळे मिटले की मला ते कोपऱ्यात आधी येणारं वाढप दिसायचं, आणि तोंडाला पाणी सुटायचं. मला भीतीही वाटायची. हा डोहाळा पुरला नाही आणि हे लेकरूही गेलं तर ह्याच सगळ्यांनी मला म्हटलं असतं की असला अवघड डोहाळा तुला लागलाच काहून.

पुरुषांनी मात्र माझ्या बोलण्यातून स्वतःला कळेल तेवढंच घेतलं. बिचारीला रस्सा पाहिजे. ह्यांना तर एकदम भरून आलं. इतकी वर्षं ते ज्या रश्श्याचे गोडवे गात होते त्याची महती शेवटी बायकोलाही कळली, असं त्यांना वाटलं असावं. पुढच्या बाजारी तिघे गेले ते चरवी घेऊन. दिवस मावळायच्या बेताला गाडी परत आली. चरवी मधे, तिला दोन्ही बाजूंनी धरून मास्तर आणि पाटील, जसा काही गणपती आणलाय.

झाकण काढलं तर वर चरबीचा पांढरा थर. मास्तर म्हणाले, "आस्ते गरम करा. जायका उडायला नको." म्हणजे गरम कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता. मी चूल पेटवली. रस्सा गरम झाला तसा वास सुटला आणि ओसरीवरून पाटलांचा आवाज आला, की एवढ्या रश्श्याला नुसत्या एकटीनं न्याय कसा द्यायचा. मग मी भाकरी थापल्या. तिघे जेवले, सासरे जेवले, दीर जेवला. मग ह्यांनी आत डोकावून मोठ्या मायेनं विचारलं, "खाल्ला का गं? कसा वाटला?" मी चरवी उपडी करून दाखवली.

"मंग पुन्यांदा आनू की," हे म्हणाले. नवरा तसा वाईट नव्हता हे मी कुणापुढंही सांगेन. ढोबळ होता. बैलाला तहान लागली हे त्याला लांबून कळायचं.

दुसरा बेत मास्तरांचा. रस्सा गावाला येताना बिघडतो, तर खानावळच गावात आणावी. हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं म्हणून आम्हीच कमअक्कल ठरलो. खानावळवाल्याला गाडीत घालून आणलं. तो आपली पळी आणि येसराचं गाडगं उराशी धरून आला, अगदी मांत्रिकासारखा. त्याला स्वयंपाकघरात तर घेता येत नव्हतं, म्हणून खळ्यावर तीन दगडांची चूल मांडली. बोकड मैत्रिणीकडूनच घेतलं. आणि बोकड कापल्यावर भावकीला सांगायला नको? भावकीला सांगितल्यावर पाटलांच्या घराला वगळून चालतं? पाटलांना सांगितलं तर देवळातल्या भजनी मंडळानं काय पाप केलं?

अशा रीतीनं माझ्या डोहाळ्याला सगळं गाव जेवलं. खानावळवाला रस्सा करत होता, भाकरी त्याचं काम नव्हतं. ते माझं नि जावेचं. दुपारपासून आम्ही दोघी थापत होतो. माझी कंबर इतकी भरून आली की मी मधेच भिंतीला टेकले, तर आत्याबाई म्हणाल्या, "बस, बस. मी थापते." आणि त्या थापायला बसल्या. बाहेर पंगतींवर पंगती उठत होत्या. मास्तर खळ्यात फिरून फिरून सांगत होते की ही दावत बाईसाहेबांच्या डोहाळ्याची आहे, लाजू नका, पोटभर खा. कुणीही लाजलं नाही.

दिवे लागणीला बायकांची पंगत बसली. पातेल्यात पाण्यासारखं काहीतरी होतं आणि तळाला एक चाटून पुसून टाकलेलं हाड. खानावळवाला बिचारा खाली मान घालून उभा. आत्याबाईंनी पळी फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझ्याकडं बघितलं. मी भाकरी आणि ठेचा घेतला होता. आत्याबाईंनीही तेच घेतलं. आयुष्यभर शेवटच्या पंगतीत बसलेली ती बाई, तिला रिकामं पातेलं काही नवं नव्हतं. पण त्या दिवशी तिनं पळी पातेल्यात टाकली ती जोरात. तो आवाज ओसरीपर्यंत गेला.

तिला माझी दया आली असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. तिला लेकराच्या कानांची काळजी होती.

पुढच्या बाजाराला तिघे नेहमीसारखे पुढं निघून गेले. ह्या खेपेला निमित्त बैलाच्या झुलीचं होतं. निघताना आत्याबाईंनी ह्यांच्या कानावर घातलं होतं की आज त्या नागनाथाला जाणार. गाडी वळणाआड गेली न गेली तोच आत्याबाई म्हणाल्या, "चांगलं लुगडं नेस. नागनाथाला जाऊन येऊ." सासऱ्यांनीही मान डोलावली. गरवार सुनेला देवाला नेताना कोण अडवतं? दिराच्या सासऱ्याची गाडी गावात आलेली होती, ती मागून घेतली. रस्त्याला लागल्यावर आत्याबाईंनी गाडीवानाला सांगितलं, "उजव्या अंगाला घे."

"औंढा डावीकडं हाय, माय."

"मला ठावं हाय औंढा कुठं हाय. मी म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले. कळमनुरीला घे."

मी गाडीचा कठडा घट्ट धरला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं तर त्याही घाबरलेल्या दिसल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतलेला, आणि ओठ घट्ट मिटलेले, दात काढायला चाललेल्या माणसासारखे.

बाजारात पोचलो तर खानावळीच्या दारात माझी मैत्रीण दोन बकरं घेऊन उभी. तिनं आम्हाला बघितलं आणि तोंडावर हात मारला. "माय माय! तुमी हितं?"

"हिला जेवायचं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आत कसं जातेत?"

"कसं जातेत म्हंजे? दारातून जातेत," मैत्रीण म्हणाली, बकरं खुंटाला बांधली आणि आमच्या पुढं आत शिरली.

आत गर्दी होती. सगळे पुरुष. आम्ही आत पाय टाकला तसा भुरके मारायचा आवाज बंद झाला. आणि कोपऱ्यात, वाढप आधी येतं त्या जागेवर, आमचे तिघे. मास्तरांचा हात वर होता, काहीतरी समजावून सांगत होते, तो वरच राहिला. पाटलांनी आपलं ताट उचललं आणि ताटासकट मागच्या दारानं निघून गेले. ते मला फार समंजसपणाचं वाटलं. ह्यांच्या तोंडातला घास खाली जाईना नि बाहेरही येईना.

"आई, तू? नागनाथाला जानार व्हती ना?" हे शेवटी म्हणाले.

"नागनाथ कुठं पळून चालला? आधी लेकराचं बघू."

खानावळवाला धावत आला. खळ्यावरच्या दिवशी त्यानं आम्हाला बघितलेलं, म्हणून त्याचा जास्तच गोंधळ उडाला. "माय, हितं बायांची सोय न्हाई हो," तो हात जोडून म्हणाला.

"सोय म्हंजे काय पायजे? टेकाया जागा पायजे. ती हाय."

"न्हाई, म्हंजे, मदी माझ्या चुलीपाशी बसा. आडोसा हाय. कोनी बघनार न्हाई. तिथंच वाढतो."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. सासूसमोर, नवऱ्यासमोर, भरल्या बाजारात मी तोंड उघडलं. "चुलीपाशी मी घरी बी बसते," मी म्हणाले. "हितं बसायचं हाय."

आणि पट्टीवर बसले. आत्याबाई माझ्या एका अंगाला, मैत्रीण दुसऱ्या अंगाला. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटं पुढं आली. आत्याबाई म्हणत होत्या, मी घरून खाऊन आले, मला नको, पण ताट मांडून झालं होतं. माणसं हळूहळू पुन्हा जेवू लागली. बाजाराचा दिवस होता, सगळ्यांना घाई होती, आमच्याकडं बघत बसायला वेळ कुणाला? इतकी वर्षं आम्ही ज्या बभ्र्याला भीत होतो तो एक भाकर संपेपर्यंत टिकला.

रस्सा आला. वाफ निघत होती. मी पहिला घास घेतला.

खारट. उघड सांगते, खारट होता, आणि येसूर करपलेला. तवंग बोटभर होता खरा, पण तो नुसता तेलाचा. भाकर जाड आणि मधे कच्ची. आत्याबाईंनी घास चावला, माझ्याकडं वाकल्या आणि कुजबुजल्या, "मीठ लई झालं का गं?"

"व्हय, आत्याबाई."

"ह्याच्यापायी गाड्या जुंपतेत हे?"

मला हसू आवरेना. पण मी जेवत होते. चोहीकडून वाढप फिरत होतं, कुणीतरी माझ्या ताटात न मागता कांदा टाकला, कुणीतरी पाणी ओतून गेलं. भाकर संपत आली तर मला उठावं लागलं नाही. मी खाली मान घालून जेवत होते आणि माझे डोळे भरून येत होते, ते मी तिखटावर घातलं. रस्सा पुन्हा हवा होता. खानावळवाला पलीकडच्या पंगतीत अडकलेला. आत्याबाईंनी मान वर केली आणि कोपऱ्यात अजून तसेच बसलेल्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "बघून काय राहिला? ऊठ. वाढ तिला."

आमचे हे उठले. बादली घेतली, पळी घेतली आणि माझ्यापुढं वाकले. त्यांना वाढायची सवय नाही, अर्धा रस्सा माझ्या लुगड्यावर गेला. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसले होते. "आजूक?" ह्यांनी हळूच विचारलं. मी म्हणाले, आजूक. दोन ताटं जेवले मी. त्या लेकराचं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मुलगी झाली. जगली. कान ठणठणीत, फक्त सांगितलेलं ऐकत नाही.

जेवण झालं. मैत्रीण हात धुऊन बकरांचा सौदा करायला बाहेर गेली. आणि आत्याबाई उठून वाकल्या नि ताटं गोळा करू लागल्या. आधी माझं, मग त्यांचं, मग शेजारच्या एका परक्या माणसाचंही, तो अजून जेवत होता तरी. खानावळवाला ओरडतच आला. "माय, राहू द्या, राहू द्या, ते आमचं काम हाय."

आत्याबाईंनी ताटं सोडली. परत पट्टीवर बसल्या. पदर सारखा केला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले. घासायला भांडं नव्हतं, पुसायला चूल नव्हती, कुणाला हाक मारायची नव्हती. सगळ्या खोलीत त्यांनी एकदा नजर फिरवली आणि मला विचारलं, "आता काय करायचं गं?"

"काही न्हाई, आत्याबाई. बसायचं."

"बसून काय करतेत?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा कुणाचं ताट उचलू नये म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.